कागदावर उरलेला चित्रपट : कलामहर्षी बाबूराव पेंटर

जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके जमवणाऱ्या जगभरातील संग्राहकांच्या दृष्टीने भारतीय मूकपटांची भित्तिपत्रके ही अत्यंत दुर्मीळ वस्तू आहे. आज अस्तित्वात असलेल्या सर्वांत जुन्या सचित्र भारतीय भित्तिपत्रकांमध्ये ज्याची गणना होते, ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे आहे. या मूकपटाचे दिग्दर्शन आणि त्याच्या भित्तिपत्रकाचे रेखाटन ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीची. ती व्यक्ती म्हणजे बाबूराव पेंटर. चित्रपट काळाच्या उदरात गडप झाला, त्याची जाहिरात मात्र मागे राहिली. बाबूरावांच्या एकूण कर्तृत्वाची कहाणीही बऱ्याच अंशी अशीच आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि शिल्पकाम यांत निष्णात म्हणून ओळखले जात. हत्यार कसे धरावे, रंग कसा कालवावा, लाकडाचा आणि धातूचा स्वभाव कसा ओळखावा, हे धडे बाबूरावांना घरातच मिळाले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. चित्रकलेचा व्यासंग त्यांनी स्वतःच्या बळावर वाढवला आणि पुढे पेंटर हा व्यवसायच त्यांचे आडनाव झाला.

त्या काळचे कोल्हापूर हे कलेला राजाश्रय देणारे संस्थान होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत गायन, नाटक, कुस्ती आणि चित्रकला यांना तेथे मोठे प्रोत्साहन मिळाले. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार याच नगरीत काम करीत होता. राजा रविवर्मा यांची शिळाछापाची चित्रे घरोघरी पोहोचली होती आणि पौराणिक व्यक्तिरेखांचे एक ठरावीक रूप लोकांच्या मनात रुजले होते. बाबूरावांच्या कलादृष्टीची जडणघडण या वातावरणात झाली.

रंगभूमीच्या पडद्यांपासून रुपेरी पडद्याकडे

बाबूराव आणि त्यांच्या नात्यातील बंधू आनंदराव पेंटर या जोडीने १९१० ते १९१६ या काळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून मोठे नाव मिळवले. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देऊळ अशी दृश्ये कापडावर इतक्या खोलीने रंगवली जात की पडदा उघडताच प्रेक्षक टाळ्या वाजवीत. मराठी मंडळ्यांबरोबरच गुजराती आणि पारशी रंगभूमीसाठीही या बंधूंनी काम केले.

मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला होता. त्यानंतरच्या वर्षांत परदेशी चित्रपट तंबूंतून आणि नाट्यगृहांतून गावोगाव फिरू लागले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि हे तंत्र भारतीय माणसालाही साधू शकते, याची खात्री पटली. पेंटर बंधूंना या नव्या कलेने झपाटले. आनंदरावांनी मुंबईहून प्रक्षेपण यंत्र आणले. बंधूंनी कोल्हापुरात चित्रपटांचे खेळ सुरू केले. ज्या परदेशी चित्रपटांकडे इतर प्रेक्षक करमणूक म्हणून पाहत, त्यांकडे हे दोघे पाठ्यपुस्तक म्हणून पाहत होते. चित्रफीत यंत्रातून कशी सरकते, प्रकाश कोठून येतो, दृश्य कोठे तुटते आणि कोठे जोडले जाते, याचा अभ्यास त्यांनी या खेळांतूनच केला.

चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतके पैसे नव्हते. तेव्हा तो स्वतःच तयार करावा, असे या बंधूंनी ठरवले. परंतु १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले आणि काम अर्ध्यावर राहिले. बाबूरावांवर हा मोठाच आघात होता. तरीही त्यांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा सिद्ध केला. यंत्रविद्येचे शिक्षण न घेतलेल्या चित्रकाराने आणि त्याच्या शिष्याने चित्रीकरण करणारे यंत्र घडवावे, ही भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील असामान्य घटना मानली जाते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय आणि गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य यांच्या बळावर कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. महाभारतातील कीचकवधाच्या कथेवर तो आधारित होता. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे लांच्छनास्पद समजले जाण्याच्या त्या काळात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींनी त्यात भूमिका केल्या. पुढे त्या अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेल्या. या धाडसाबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. भीमाने कीचकाचा वध केल्याचे दृश्य इतके खरे वाटले की पुढे त्याला कात्री लावण्यात आली. लोकमान्य टिळकांनी या चित्रपटाबद्दल बाबूरावांचा गौरव करून त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

बाबूरावांच्या कामाची पद्धत चित्रकाराची होती. चित्रीकरणापूर्वी पात्रांची वेशभूषा, त्यांच्या हालचाली आणि दृश्याची मांडणी ते कागदावर रेखाटून ठेवीत. रंगवलेल्या पडद्यांसमोर चित्रीकरण करण्याची रूढ पद्धत त्यांनी बाजूला सारली. त्याऐवजी भिंती, खांब, दरवाजे असलेले घनाकार देखावे उभारले. ज्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे पडदे रंगवण्यात घालवली, त्यानेच रंगवलेला पडदा चित्रपटाला अपुरा असल्याचे सर्वांआधी ओळखावे, यात त्यांच्या दृष्टीचे मोठेपण दिसते.

हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘सिंहगड’ १९२३ साली आला. त्यात बाबूरावांनी स्वतः छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. कृत्रिम प्रकाशाचा वापर हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य. त्याला लोटलेली गर्दी पाहूनच सरकारला करमणूक कर बसवण्याची कल्पना सुचली, असे चित्रपटाच्या इतिहासात सांगितले जाते. पुढच्याच वर्षी ‘कल्याण खजिना’ आला. कल्याणचा खजिना आणि सुभेदाराच्या सुनेचा महाराजांनी केलेला सन्मान ही त्याची कथा. लंडनजवळ वेम्ब्ली येथे १९२४ साली भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात हा चित्रपट दाखवला गेला आणि त्याला पदक मिळाले.

भित्तिपत्रकाची कला

चित्रपट चांगला झाला तरी तो लोकांपर्यंत पोहोचवावा लागतो, हे बाबूरावांनी फार लवकर जाणले. प्रारंभीच्या भारतीय चित्रपटांची जाहिरात बहुधा वृत्तपत्रांतील मजकुरातून आणि हातात वाटल्या जाणाऱ्या छापील पत्रकांतून होई. त्या काळी देशात लिहिता वाचता येणारी माणसे शंभरांत दहासुद्धा नव्हती. छापील अक्षरांची जाहिरात उरलेल्या नव्वदांच्या कामाची नव्हती. चित्र मात्र सर्वांना वाचता येत होते.

युरोपात हा विचार आधीच रुजला होता. पॅरिसच्या भिंती शिळाछापाच्या रंगीत भित्तिपत्रकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सजल्या होत्या आणि ल्युमिए बंधूंच्या खेळांसाठीही चित्रकारांनी भित्तिपत्रके रेखाटली होती. भारतात येणाऱ्या परदेशी चित्रपटांमागोमाग त्यांची जाहिरातही येई. येथे दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत तेव्हा बहुसंख्य परदेशी, विशेषतः अमेरिकी असत. त्यांच्याशी स्पर्धा करायची तर देशी चित्रपटाने भिंतीवरही तोडीस तोड उभे राहणे आवश्यक होते.

बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवण्यास प्रारंभ केला. रंगभूमीच्या पडद्यांवर मोठ्या आकारात काम करण्याची सवय येथे उपयोगी पडली. लांबून पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात विषय कळावा, मुख्य पात्र ठसठशीत उठून दिसावे आणि कथेतील एखादा उत्कट क्षण नजरेसमोर उभा राहावा, ही या चित्रप्रकाराची गरज होती. १९२१-२२च्या सुमारास त्यांनी प्रेक्षकांना कथासार आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका देण्याचीही प्रथा पाडली. चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या माणसाच्या हाती काहीतरी उरावे, ही कल्पना त्या काळी नवीन होती. पुढे अनेक दशके भारतीय चित्रपटगृहांबाहेर अशा पुस्तिका विकल्या जात. आज त्याही संग्राहकांच्या शोधाचा विषय आहेत.

भारतीय चित्रपट भित्तिपत्रकाची हाताने रंगवलेली, भडक रंगांची आणि भावनांना हात घालणारी जी परंपरा पुढे देशभर पसरली, तिच्या उगमाशी बाबूरावांचे हे काम आहे. कोल्हापूर, पुणे, मुंबई येथील कितीतरी चित्रकारांनी या व्यवसायावर पोट भरले. चित्रपटांचे फलक रंगवणारे पेंटर हे शहरांच्या जीवनाचा भाग झाले. संगणकावर तयार होणारी जाहिरात आल्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस ही परंपरा ओसरली.

यश, फूट आणि उतार

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ हा बाबूरावांचा १९२५ सालचा चित्रपट त्यांच्या कर्तृत्वाचा कळस समजला जातो. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याची ही करुण कथा होती. पुराणांतील देव आणि इतिहासातील वीर यांच्या पलीकडे जाऊन चित्रपटाने प्रथमच खेड्यातील दारिद्र्याकडे इतक्या गंभीरपणे पाहिले. झुंझारराव पवार, व्ही. शांताराम आणि कमलादेवी यांनी त्यात भूमिका केल्या. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभबिंदू म्हणून अभ्यासक आजही त्याचा उल्लेख करतात. परंतु पौराणिक चमत्कारांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी त्याला अपेक्षित प्रतिसाद दिला नाही.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही एक शाळाच होती. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम यांनी येथे कॅमेऱ्यापासून देखाव्यांपर्यंत सर्व कामे हाताळली. स्टुडिओ झाडण्यापासून अभिनयापर्यंत कोणतेही काम हलके मानायचे नाही, ही तेथील शिस्त. मात्र बाबूरावांचा स्वभाव मनासारखे होईपर्यंत थांबण्याचा होता. चित्रे वेळेवर पूर्ण होत नसत आणि व्यवहाराची गणिते जुळत नसत. अखेर दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली.

गुरूच्या अंगणातून निघालेली ही संस्था लवकरच देशातील अग्रगण्य चित्रसंस्था ठरली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटाचा १९३७च्या व्हेनिस महोत्सवात गौरव झाला. शिष्य जगाच्या पडद्यावर पोहोचत असताना गुरूची कंपनी मात्र बंद पडली होती. ‘लंका’ हा १९३० सालचा मूकपट तिच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. रेषा, रंग आणि छायाप्रकाश यांतून बोलणाऱ्या बाबूरावांना हा बदल मानवला नाही.

तरीही त्यांनी काम सोडले नाही. कोल्हापुरात शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ हा बोलपट १९३५ साली केला. ‘सावकारी पाश’ १९३६ साली पुन्हा बोलपट रूपात आणला. १९३७ साली ‘प्रतिभा’ हा चित्रपट केला. पुढे शांतारामांनी आपल्या गुरूला ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ सालच्या चित्रपटाच्या दिग्दर्शनासाठी निमंत्रण दिले. ‘विश्वामित्र’ हा १९५२ सालचा त्यांचा चित्रपट यशस्वी झाला नाही. उत्तरायुष्यात चित्रकला आणि शिल्पकला यांकडे ते पुन्हा वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

हरवलेले चित्रपट आणि उरलेला कागद

बाबूरावांच्या मूकपटांपैकी आज जवळजवळ काहीच पाहायला मिळत नाही. थोडेफार अंश तेवढे हाती आहेत. ही हानी केवळ त्यांच्या वाट्याला आली असे नाही. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निर्माण झाले आणि त्यांतील पूर्ण वा अर्धवट स्वरूपात उरलेले अगदीच मोजके आहेत. नायट्रेटच्या चित्रफिती ज्वालाग्राही होत्या. उष्ण आणि दमट हवेत त्या आपोआप विघटित होत. चित्रपटाची कमाई संपली की अनेक मालक फितीतील चांदी काढून घेण्यासाठी त्या मोडीत विकत. जतन करण्याजोगी ही वस्तू आहे, असा विचारच तेव्हा नव्हता.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये झाली. बाबूरावांच्या निधनाला तोवर दहा वर्षे उलटून गेली होती. संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांनी चित्रफितींबरोबरच भित्तिपत्रके, पुस्तिका, छायाचित्रे आणि गीतपुस्तिका यांचाही कसोशीने शोध घेतला. ज्या चित्रपटाची फीत नष्ट झाली, त्याची साक्ष देणारा कागद हाच इतिहासाचा आधार असतो, ही त्यामागील जाणीव होती. २०२२ साली हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

भित्तिपत्रकाचे आयुष्य मुळातच अल्प असते. पातळ कागदावर ते छापले जाते. खळ लावून भिंतीवर चिकटवले जाते. ऊन, पाऊस आणि पुढच्या आठवड्यातील नवे भित्तिपत्रक यांपैकी कोणीतरी त्याचा शेवट करते. जी भिंतीवर गेली ती संपली. गोदामात, छापखान्यात किंवा कोणाच्या माळ्यावर पडून राहिली तीच वाचली. म्हणूनच संग्राहक मूळ प्रत आणि नंतरचे पुनर्मुद्रण यांतील फरक बारकाईने पाहतो. कागदाचा पोत, घडीच्या रेषा, छापखान्याचे नाव, शाईचे थर आणि कडांची झीज यांवरून तो वय ठरवतो. कापडाचे अस्तर लावून जीर्ण प्रत सावरली जाते, परंतु अतिउत्साहाने केलेली रंगदुरुस्ती तिचे ऐतिहासिक मोल कमी करते.

परदेशांत या छंदाला मोठी बाजारपेठ लाभली आहे. ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ सालच्या जर्मन मूकपटाचे एक मूळ भित्तिपत्रक २००५ साली ६,९०,००० डॉलरना विकले गेले. एकाच चित्रपटाची निरनिराळ्या देशांतील भित्तिपत्रके जमवणे हा या छंदाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. प्रत्येक देशातील चित्रकार तोच चित्रपट आपल्या नजरेने पाहतो. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला, तेव्हा तेथील भिंतींवर तो रशियन अक्षरांत झळकला. परक्या लिपीतील परिचित चेहरा पाहताना चित्रपट भाषेच्या सीमा कशा ओलांडतो, हे संग्राहकाला एका कागदावर दिसते. कोल्हापूरच्या चित्रकाराने परदेशी चित्रपट पाहत घेतलेले शिक्षण हाही याच देवाणघेवाणीचा एक अध्याय आहे.

मात्र किंमत आणि जतन या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत. किंमत वाढली की नकली प्रतीही वाढतात, आणि मौल्यवान प्रती खासगी तिजोऱ्यांत जाऊन अभ्यासकांच्या नजरेआड होतात. दुसरीकडे, मोल ठाऊक नसल्यामुळे जुन्या घरांतील आणि बंद पडलेल्या चित्रपटगृहांतील कागद रद्दीत जातात. बाबूरावांच्या काळातील एखादी पुस्तिका किंवा भित्तिपत्रक सापडणे म्हणजे हरवलेल्या चित्रपटातील पात्रे, वेशभूषा आणि दृश्यरचना यांचा काही अंश परत मिळणे होय.

कोल्हापुरात खरी कॉर्नर येथे उभारलेला कॅमेरा स्तंभ महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कार्याची आठवण करून देतो. स्वतः कॅमेरा घडवणारा, स्वतः देखावे उभारणारा आणि स्वतःच भिंतीवरची जाहिरात रंगवणारा हा कलावंत कलामहर्षी म्हणून ओळखला जातो. त्यांच्या हातून घडलेली हलती चित्रे बहुतांशी विरून गेली. आठवडाभर टिकावे एवढ्याच अपेक्षेने काढलेल्या स्थिर चित्रांतील काही मात्र शंभर वर्षे ओलांडून आजच्या पिढीपर्यंत पोहोचली आहेत. ती पुढील शंभर वर्षे टिकतील की नाही, हे आता ती ज्यांच्या हाती आहेत त्यांच्यावर अवलंबून आहे.